चिंचेखालचा आवाज

बायडाबाईंच्या ओट्यावर परकं माणूस बसलेलं दिसलं की आमच्या वस्तीवर कुणी विचारत नसे, कोण आलंय म्हणून. पीएच.डी.वालं कुणीतरी असणार, हे ठरलेलं. सोनईपासून आत आमची लहानशी वस्ती. इथं बघण्यासारखं काही नाही. तरी पाठीला पिशव्या लावलेली शिकलेली पोरं एसटीतून उतरायची ती थेट बायडाबाईंच्या दारात. मी विजया, त्यांच्या शेजारच्या अंगणवाडीची सेविका. त्या पोरांना पाणी द्यायचं, बायडाबाईंचं बोलणं त्यांना उलगडून सांगायचं, त्यांचं बोलणं बायडाबाईंना उलगडून सांगायचं, ही सगळी फुकटची कामं माझ्याकडे. सरकारचे सर्व्हे मीच करायचे आणि वरून ह्यांचेही! पण बायडाबाईंना मी मावशी म्हणते, मग नाही कसं म्हणणार?

मावशी आता सत्तरीला आल्यात. काटक, सावळ्या, बोलायला तिखट. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. एकच लेक, ती पुणतांब्याला दिलेली. घरात त्या आणि आसारामकाका, आणि घरामागं चिंच. काकांच्या आज्यानं लावलेली ती चिंच चार माणसांच्या कवेत मावायची नाही, आणि तिच्यावर वाघळं. इतकी, की नवख्या माणसाला वाटायचं झाडाला काळ्या पिशव्या टांगल्यात.

आसारामकाका दुपारचे चिंचेखाली बाज टाकून निजायचे. वर वाघळांचा कलकलाट आणि खाली ह्यांचं घोरणं. मी एकदा म्हटलं, ‘‘काका, अंगावर घाण पडते की हो.’’ तर म्हणाले, ‘‘पडू दे की. मानसं काय कमी घान करत्यात?’’ पोरांनी नुसता दगड उचलला तरी त्यांना झोपेत कळायचं. ताडकन उठून ओरडायचे, ‘‘ए, मारू नका रं! आपल्या घरचीच हायती ती!’’ पोरं पळायची. काका पुन्हा आडवे.

पहिली आली ती प्रणिता. करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात. पुण्याची, मराठीत पीएच.डी. करणारी. जात्यावरच्या ओव्या गोळा करत फिरत होती. मावशींना आयतं गिऱ्हाईकच मिळालं. जातं कधीच पडवीत उलटं टाकलेलं, ते काकांकडून सरळ करून घेतलं, चिंचेखाली मांडलं आणि नुसतं गरगर फिरवत दिवसभर गायल्या. त्यातली एक ओवी त्यांनी स्वतः रचलेली:

चिंचंच्या सावलीला, धनी माझा गं निजला
वाघळाच्या लेकरानं, वारा पंखाचा घातला

प्रणिता नुसती हरखली. मावशींनी तिला विचारलं, ‘‘पर पोरी, ही वाघळं उलटी का गं टांगत्यात?’’ ती हसून म्हणाली, ‘‘आजी, तो माझा विषय नाही.’’

काही आठवड्यांनी तिनं ती ओवी इंटरनेटवर टाकली आणि मला पाठवली. मी कौतुकानं मावशींना ऐकवली. त्यांनी कान देऊन ऐकली, पुन्हा लावायला सांगितली, मग म्हणाल्या, ‘‘ह्यात आमचं मानूस कुठंय? त्या दिशी मधीमधी बोलत हुतं की. पोरांना वरडलं बी हुतं.’’ मी प्रणिताला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘ताई, मागचा आवाज काढून टाकलाय. नाहीतर ओवी नीट ऐकू येत नाही.’’ काका शेजारीच बसलेले. त्यांना हसू आवरेना. मावशींना म्हणाले, ‘‘मला काढून टाकलं व्हय? बरंच केलं. तुझं तर आयुष्यभर तेच चाललंय.’’ मावशीही हसल्या. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग करोना आला. पहिल्या खेपेला वस्ती वाचली, दुसऱ्या लाटेत नाही. काकांना नगरला नेलं. आत कुणाला सोडत नव्हते. मी आणि मावशी घरीच, फोन स्पीकरवर ठेवून. एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, ‘‘आजी, आम्ही प्रयत्न करतोय. पण शंभर टक्के असं काही सांगता येत नाही.’’ मावशींनी मला विचारलं, म्हंजी काय? मी म्हटलं, म्हणजे बरे होतील, फक्त वेळ लागेल. दुसरं काय सांगणार होते मी? सकाळी फोन आला, काका गेले.

जावई आणि मावशी नगरला पोहोचल्या तेव्हा पांढऱ्या किटमधली माणसं काकांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेत होती. मावशी म्हणाल्या, तोंड तरी दावा. नाही दाखवलं. त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. पण ज्या बाईनं आयुष्यभर नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नाही, ‘आमचं मानूस’ म्हणून निभावलं, ती त्या आवारात आसाराम, आसाराम म्हणून ओरडत राहिली. जावयानं सांगितलं हे. सांगताना त्याला धड बोलता येईना.

रक्षा पिशवीतून आली. ती काकांचीच का, हेसुद्धा कुणी छातीठोक सांगेना. मावशींनी ती नदीवर नेऊ दिली नाही. चिंचेच्या बुडाशी खड्डा करून तिथं घातली, वर माती ओढली. ‘‘हितंच निजायचे. हितंच निजू द्या.’’ त्यानंतर रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्या चिंचेखाली बसायला लागल्या. दिवसभरात काय झालं ते सांगायच्या. वाघळं एकेक करून उडायला लागली की उठायच्या.

दुसरा आला सुश्रुत. समाजशास्त्राचा. करोनात नवरा गेलेल्या बायकांवर त्याचं काम. पोरगा भला होता, पण त्याचे प्रश्न! म्हणे, ‘‘पतीच्या निधनानंतर कौटुंबिक निर्णयप्रक्रियेतला तुमचा सहभाग वाढला की कमी झाला?’’ मी मावशींना म्हटलं, आता घरात कुणाचं चालतं, असं विचारतोय तो. मावशी म्हणाल्या, ‘‘माझंच चालतंय की. दुसरं हाय कोन?’’ त्यानं खाली मान घालून ‘वाढला’ असं टिपून घेतलं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. मावशींनी त्यालाही भाकरी-पिठलं वाढलं, आणि म्हणाल्या, ‘‘ह्या चिंचंवर मी गानं केलंय, ऐकतोस का?’’ तो घड्याळ बघून म्हणाला, ‘‘आजी, ऐकलं असतं, पण तो माझा विषय नाही.’’ तो गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, ‘‘विजे, ह्या पोरांचे इषय लई बारके असत्यात गं.’’

तिसरी आराधना. गेल्या वर्षी आली. नगरचीच, ख्रिस्ती घरातली, वडील शाळामास्तर. प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि विषय होता वाघूळ! मावशींना आभाळ ठेंगणं झालं. वर्षानुवर्षं जपून ठेवलेला प्रश्न त्यांनी तिच्यापुढं टाकला आणि आराधनानं चिंचेखाली फतकल मारून तासभर सांगितलं. उलटं टांगल्यावर त्यांच्या पायांच्या नख्या आपोआप कशा अडकून बसतात, झोपेत का सुटत नाहीत, पिल्लाला पोटाशी धरून आई कशी उडते. उन्हाळ्यात पंखांनी वारा घालतात तो कशासाठी, तेही सांगितलं. मावशी मधेच म्हणाल्या, ‘‘ते माझ्या गान्यात हाय!’’ आणि तिला ओवी म्हणून दाखवली. तिनं शांतपणे ऐकली. मग म्हणाली, ‘‘आजी, परत म्हणा ना.’’ त्या दिवसापासून ती घरचीच झाली.

वाघळं काय खातात आणि त्यांच्यात कुठले विषाणू आहेत का, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी दिवस उजाडायच्या सुमाराला चिंचेखाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि वरून पडेल ते नळ्यांत भरून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. हे करताना अंगभर पांढरं किट, मास्क, चष्मा, हातमोजे, असा नियम. वाघळाला माणसाकडून काही लागू नये आणि माणसाला वाघळाकडून, म्हणून.

पहिल्या दिवशी ती ते किट घालून चिंचेखाली उभी राहिली आणि मावशी चूल पेटवायला बाहेर आल्या. बघितलं आणि मटकन खालीच बसल्या. काकांच्या रक्षेवर तोच पांढरा माणूस उभा! आराधनाला काही कळेना. मी धावत जाऊन तिला सांगितलं तशी ती लांब गेली, किट उतरवलं, आणि मावशींच्या गळ्यात पडून रडली. मग रोज किट चढवायच्या आधी ती दारातून हाक द्यायची, ‘‘आजी, मीच आहे हां.’’ मावशी आतून म्हणायच्या, ‘‘व्हय गं बाई, कळलं.’’

मावशींना कळलं, पण वस्तीला कोण सांगणार? आमच्याकडे ते पांढरं किट लोकांनी एकाच कामासाठी पाहिलंय. रस्त्यानं जाणारा-येणारा थांबून बघायचा आणि पुढं जाऊन सांगायचा. त्यात दिवाळीच्या सुमाराला तापाची साथ आली. माझ्या अंगणवाडीतली निम्मी लेकरं तापानं फणफणली. सरपंच मच्छिंद्र, त्याची नात दिशा, माझ्याच अंगणवाडीतली, तिला तर नेवाशाला दवाखान्यात ठेवावं लागलं. डेंग्यू निघाला. मी दारोदार जाऊन पाण्याचे उघडे बॅरल पालथे करत फिरत होते आणि लोक चिंचेकडे बोट दाखवत होते. ‘उगंच का ती पोरगी असा पोशाख घालून येतीय?’ दिशा बरी होऊन घरी आली, पण बोट काही खाली आलं नाही. मग कुणाच्या तरी तोंडून पुढचं निघालं: आसारामला दुसऱ्या कशानं मारलं असंल? त्याच झाडाखाली तर निजायचा.

हे मावशींच्या कानावर गेलं. संध्याकाळचा चहा घेऊन त्या चिंचेखाली गेल्या, पण बसल्या नाहीत. वर बघत उभ्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आराधनाला विचारलं, ‘‘पोरी, खरं सांग. माझ्या मानसाला ह्यांनीच मारलं का?’’

‘‘नाही आजी,’’ ती लगेच म्हणाली. ‘‘तो आजार माणसाकडून माणसाला आला. ह्या वाघळांचा काही संबंध नाही.’’

‘‘मग सभेत एवढंच सांग. म्हंजी ही वाचत्याल.’’

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत चिंच तोडण्याचा विषय ठेवला होता. झाड मावशींच्या हद्दीत, पण फांद्या अंगणवाडीवर. आदल्या दिवशी मावशींनी स्वतः जाऊन घरोघर सांगितलं, पोरगी येनार हाय, शिकलेली हाय, ती सांगंल. लुगडंही ठेवणीतलं काढलं.

सभा मारुतीच्या पारावर. आधी मी बोलले. म्हटलं, डेंग्यू डासानं होतो, आणि डास तुमच्या बॅरलात होतात! लोक हसले. रोज ऐकतात माझं, मग कशाला मनावर घेतील? आराधना उठली. चांगलं बोलली बिचारी. वाघळं बिया लांब नेऊन टाकतात म्हणून झाडं वाढतात, कायद्यानं त्यांना मारता येत नाही, ह्या तापाचा त्यांच्याशी संबंध नाही. कायद्याचं नाव काढल्यावर काही लोक चिडले, पण बरेचजण ऐकत होते. मला वाटलं, जमतंय.

मच्छिंद्र उठला. तो वाईट माणूस नाही. दिशा दवाखान्यात होती तेव्हा त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, मी बघितलंय. हात जोडून म्हणाला, ‘‘ताई, तुमी शिकलेल्या. आमी अडानी. माझी नात त्या फांदीखाली खेळती. छातीवर हात ठिवून एकच सांगा. ह्या वाघळांत काई रोग न्हाई, शंभर टक्के?’’

मावशी तिच्याकडे बघत होत्या. हो म्हण, हो म्हण, असं मी मनात घोकत होते. तिच्या तपासण्या पुण्याहून अजून यायच्या होत्या. ती म्हणाली, ‘‘दादा, शंभर टक्के असं काही सांगता येत नाही. विज्ञानात कुणीच—’’

पुढचं कुणी ऐकलं नाही. एकच गलका झाला. ती सांगत होती की शंभर टक्के तर कशाचंच सांगत नाहीत, पाण्याचं नाही, दुधाचं नाही, पण धोका नसल्यासारखाच आहे. मला ऐकू आलं, कारण मी शेजारी होते. खोटं बोलायला तिची जीभ रेटली नाही, आणि तिच्या खरेपणाचा अर्थ त्या पारावर कुणालाच लागला नाही.

मावशी उठल्या. गलका थांबला. ‘‘दवाखान्यात डागदर बी हेच बोल्ला हुता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शंभर टक्के सांगता येत न्हाई. आन सकाळी माझा आसाराम गेल्ता.’’ भर सभेत, सगळ्या पुरुषांसमोर, त्यांनी नाव घेतलं. मग मच्छिंद्रला म्हणाल्या, ‘‘तुझ्या नातीला काई व्हायला नगं. तोड चिंच.’’

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मावशी, अहो डॉक्टरची गोष्ट वेगळी, हिची वेगळी! त्यांनी हात सोडवून घेतला. त्या बोलण्याचा अर्थ त्यांनी एकदा भोगला होता, आता कुणी दुसरा सांगून उपयोग नव्हता. आराधना तिथंच उभी राहून हुंदके देत होती. मावशी तिच्याजवळून गेल्या आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आराधनानं अर्ज-विनंत्या करून काही आठवडे रेटले. पण मच्छिंद्रनं झाड पोकळ झालंय, अंगणवाडीवर पडेल, असं दाखवून परवानगी काढली, आणि मार्चमध्ये चिंच पाडली. नेमकी पिल्लांची वेळ. फांदी कोसळली की मोठी वाघळं भरदुपारी वेड्यासारखी उडायची आणि पिल्लं खाली पडायची. आराधना टोपलीत फडकं घालून ती गोळा करत होती. त्या दिवशी तिनं किट घातलं नव्हतं, हातमोजे तेवढे. तिनं उपचाराला नगरला नेलेल्यांतली थोडीच जगली.

मावशी दार लावून आत बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी. जेसीबीचा आवाज थांबल्यावर मी बाहेर जाऊन आले, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘बूड काढलं?’’

‘‘काढलं.’’

‘‘आन तिथली माती?’’

मला सांगवेना. ती ट्रॅक्टरमध्ये भरून वस्तीच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायला नेली होती. कुणाला माहीत नव्हतं असं नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी उशिरा धावले, तोवर रोलर फिरला होता. मावशींना संध्याकाळी कळलंच. तेव्हापासून मावशी त्या रस्त्यानं चालत नाहीत. दुकानात जायचं तरी बांधावरून वळसा घालून, काट्याकुट्यातून जातात.

तपासण्यांचा निकाल मे महिन्यात आला. आराधना स्वतः सांगायला आली. आमच्या वाघळांत काहीच सापडलं नव्हतं. ती मावशींच्या पायाशी बसून म्हणाली, ‘‘आजी, मी तेव्हाच हो म्हणायला हवं होतं.’’ मावशींनी तिच्यापुढं ताट सरकवलं. ‘‘न्हाई गं. तू खोटं बोल्ली आसतीस आन एखाद्या लेकराला काई झालं आसतं, तर मग? तू जेव.’’ ती जेवली. खारट झालं असणार ते पिठलं, डोळ्यांतलं पाणी थांबतच नव्हतं. तेव्हापासून तिचं येणं कमी झालंय. तिला तरी काय दोष द्यावा?

मी मात्र भडकले होते. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांना फोन लावले. सुश्रुत दिल्लीला नोकरीला लागलाय. फार वाईट वाटलं म्हणाला, आणि खरंच वाटलं असावं. पण म्हणाला, झाडाबद्दल त्याच्या प्रबंधात काही नाही. प्रणिताला म्हटलं, ‘‘बाई, तुझ्या ओवीतली चिंच गेली. आता मागचा आवाज काढत बसायला नको.’’ ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, मूळ रेकॉर्डिंग असेल माझ्याकडे. साफ न केलेलं. बघते.’’

परवा ते आलं. दुपारची वेळ, अंगणवाडी नुकतीच सुटली होती. सावली गेल्यामुळे पत्रा असा तापतो की लेकरं आत बसत नाहीत. मी मावशींच्या ओट्यावर गेले आणि फोन मोठ्यानं लावला. आधी नुसता कलकलाट. मावशींनी झटकन वर बघितलं, जिथं आता मोकळं आभाळ आहे तिथं. मग जात्याची घरघर सुरू झाली आणि त्यांचा स्वतःचा खणखणीत आवाज: चिंचंच्या सावलीला, धनी माझा गं निजला. आणि त्याच्या मागं, लांबून, बाज करकरली, कुणीतरी खोकलं, आणि काका ओरडले, ‘‘ए, मारू नका रं! आपल्या घरचीच—’’

पुढचं ओवीत बुडालं.

मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. ‘‘विजे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझं गानं बंद कर गं. त्यांना बोलू दे.’’

दोन्ही आवाज एकातच होते, मी काय बंद करणार? मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.